नळ सुटला, कोडं सुटलं



मागे याच पानावर आपण गळक्या नळाचं गणित केलं होतं. आठवतंय ना? नळाखाली पेला ठेवायचा, दहा मिनिटांत किती पाणी साठतं ते मापायचं आणि मग तास, दिवस, वर्ष असा हिशोब पुढे न्यायचा. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी उत्तरं पाठवली. कुणी शाळेतला नळ मोजला, कुणी एसटी स्टँडवरचा. वाचून खूप बरं वाटलं. पण त्या गणिताने सगळ्यांत मोठा गोंधळ कुठे घातला असेल? आमच्याच घरात! आज त्या गोंधळाचीच गोष्ट सांगणार आहे. आणि गोष्ट सांगता सांगता बेसिनचा जुना नळ कसा काढायचा, तेही सांगणार आहे.

आमचे चिरंजीव सहावीत आहेत. त्यांनी आमच्या बाथरूममधल्या बेसिनच्या नळाखाली मापाचा पेला धरला. नळ नीट बंद झालेला नव्हता, बारीक धार चालू होती. दहा मिनिटांत १०० मिलिलिटर पाणी जमलं. म्हणजे तासाला ६०० मिलिलिटर. नळ दिवसभर तसाच राहिला तर १४ लिटर ४०० मिलिलिटर, म्हणजे आमची आंघोळीची बादली जवळजवळ भरली! वर्षाचा हिशोब केला तर ५,२५६ लिटर. आमच्या गच्चीवरची टाकी ५०० लिटरची. तशा दहा टाक्या भरून वर पाणी उरलं.

आमच्या गावाला नगरपालिकेचं पाणी चार दिवसांनी येतं, तेही तासभर. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी टाकीत चढवावं लागतं. त्यामुळे हा आकडा पाहून चिरंजीव चांगलेच पेटले. त्यांनी पुठ्ठ्याचा तक्ता करून बेसिनच्या वर चिकटवला. वर लिहिलं, ‘नळ कोणी नीट बंद केला नाही?’ खाली घरातल्या सगळ्यांची नावं. ज्याच्या हातून नळ गळता राहील त्याच्या नावापुढे एक रेघ.

आठवडा संपला. तक्ता असा होता : आजी ११, बाबा ३, आई २. आणि तक्ता करणारे स्वतः? अर्थात शून्य!

“आजी, तुझे अकरा झाले! रोज सांगतो तरी कळत नाही का गं तुला?” चिरंजीव म्हणाले.

हे ऐकून मी त्याला तिथेच दटावायला हवं होतं. पण खरं सांगू? मी गप्प बसले. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. दोनच दिवसांपूर्वी मीही त्यांना म्हणाले होते, “आई, नळ तेवढा नीट बंद करत जा हो.” शब्द आदराचे होते, पण सूर चिरंजीवांचाच होता. किंवा असं म्हणू या, त्यांचा सूर माझ्याकडूनच आलेला होता.

आजी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्यांच्या नावापुढे एकही रेघ पडली नाही. “बघ आई, तक्त्याचा उपयोग झाला की नाही!” चिरंजीव खूश. मीही खूश.

शनिवारी शाळा सकाळची असते. मी दुपारी लवकर घरी आले, तर आजी मागच्या मोरीपाशी वाकून उभ्या. एक हात भिंतीला टेकवलेला, दुसऱ्या हाताने बादलीतून तांब्या उचलून चूळ भरत होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, वाकवत नाही, म्हणून तर ते बेसिन बसवलेलं.

“आई, बेसिन सोडून इथे कशाला वाकताय?” मी विचारलं.

“असू दे गं,” त्या म्हणाल्या. “तिथे माझ्याकडून चुका होतात.”

माझ्या पोटात कसंतरी झालं. मी त्यांना हाताला धरून बेसिनपाशी आणलं. म्हटलं, “आई, एकदा नळ उघडून बंद करून दाखवा बरं.” त्यांनी पदराचं टोक नळाच्या मुठीभोवती गुंडाळलं, दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावला. संधिवाताने त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली आहेत. चेहऱ्यावर कळ दिसली. तरीही बारीक धार चालूच राहिली. मग मी स्वतः नळ बंद केला. मलाही चांगलाच जोर लावावा लागला. रोज तोच नळ मी फिरवत होते, पण तो किती जड झालाय याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

इतके दिवस मी समजत होते की आजी विसरतात. त्या विसरत नव्हत्या. त्यांना जमत नव्हतं.

नळ जड का होतो?

जुन्या पद्धतीच्या नळात एक आट्यांची दांडी असते. मूठ फिरवली की दांडी खाली सरकते. तिच्या टोकाला रबराची चकती असते. तिला वॉशर म्हणतात, आपल्याकडे सगळे वायसर म्हणतात. हा वायसर पाण्याच्या भोकावर दाबून बसला की पाणी थांबतं. रबर झिजलं की तो नीट बसत नाही, मग आपण अधिक जोराने पिळतो. जोराने पिळल्याने रबर आणखी झिजतं! त्यातून बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. ते क्षार आट्यांत साठतात आणि दांडी फिरायला कुरकुर करते.

आधी आम्ही वायसर बदलून पाहिला. वस्तू दुरुस्त होत असेल तर टाकू नये, हा पहिला नियम. दोन दिवस नळ शहाण्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी पुन्हा धार सुरू. वायसर जिथे टेकतो ती पितळेची कडच खरवडली गेली होती. शिवाय मूठ होती तशीच जड.

आमचे नळवाले काका एका नव्या इमारतीच्या कामात अडकले होते. जाता जाता डोकावून गेले. नळ पाहून म्हणाले, “बाई, पंचवीस वर्षांचा नळ आहे हा. आता बदलाच. मला आठ-दहा दिवस सवड नाही. तुम्हाला काढून बघायचा तर बघा. फक्त तीन गोष्टी सांभाळा. आधी पाणी बंद. बेसिनजवळ हातोडा आणायचा नाही. आणि अडलं की थांबायचं.”

शनिवारी दुपारी आम्ही मायलेक कामाला लागलो. तुम्हीही हे काम कधी केलंत तर घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच करायचं, एकट्याने नाही. कबूल?

पहिली पायरी गच्चीवर!

बेसिनखाली भिंतीत एक छोटा वॉल असतो. त्याला अँगल कॉक म्हणतात. तो बंद केला की फक्त त्या बेसिनचं पाणी थांबतं. आम्ही तो हलकेच फिरवला. पण तोही नळाच्याच वयाचा! पुरता बंद होईना. अशा वेळी त्याच्यावर जोर करायचा नाही, कारण तो भिंतीतच मोडला तर सगळ्या घरात पाणी. आम्ही गच्चीवर गेलो आणि टाकीखालचा मोठा वॉल बंद केला. तुमच्याकडे गरम पाण्याचा नळ असेल तर गीझरचं बटणही आधी बंद करायचं.

खाली येऊन बेसिनचा नळ उघडला, तर पाणी येतच होतं! “आई, वॉल बिघडलाय,” चिरंजीव म्हणाले. नव्हता बिघडला. टाकीपासून नळापर्यंतच्या नळीत पाणी भरलेलं असतं, ते आधी वाहून जावं लागतं. किती असेल? नळीचं आतलं तोंड १५ मिलिमीटर व्यासाचं आणि लांबी १० मीटर धरली, तर जवळजवळ पावणेदोन लिटर होतं. वरच्या वर्गातल्या मुलांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र वापरून पडताळून पाहावं. आम्ही ते पाणी बादलीत धरलं. धार थांबली.

मग बेसिनच्या जाळीवर फडकं ठेवलं. एखादा वायसर किंवा स्क्रू घरंगळून भोकात गेला तर शोधत बसावं लागतं.

खालून बघा

नळ वरून कितीही निरखला तरी तो कशाने धरलाय ते दिसत नाही. त्यासाठी बेसिनखाली डोकं घालावं लागतं. चिरंजीव सतरंजीवर उताणे झाले. हातात बॅटरी आणि डोळ्यांवर बाबांचा मोटारसायकलचा चष्मा. चष्मा का? खालून काम करताना क्षाराच्या खपल्या सरळ डोळ्यांत पडतात.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“भिंतीतल्या वॉलपासून एक नळी वर आलीय. तिच्या टोकाला एक छोटा नट. त्याच्या वर नळाचा आट्यांचा दांडा बेसिनच्या भोकातून खाली आलाय. आणि त्या दांड्यावर एक मोठा नट बेसिनला खालून चिकटून बसलाय.”

सगळी रचना एवढीच! वरून नळाची बैठक आणि खालून मोठा नट, या दोघांनी मिळून बेसिन मध्ये धरलेलं असतं. छोटा नट सोडला की पाण्याची नळी सुटते. मोठा नट सोडला की नळ वर उचलून घ्यायचा. आपण उगाच वरून नळ पिळत बसलो तर नळ हलतो, पण सुटत नाही. उलट चिनी मातीच्या बेसिनला तडा जायची भीती.

छोटा नट सहज सुटला. नळीत उरलेलं पाणी खाली ठेवलेल्या तसराळ्यात पडलं. आता मोठा नट.

मी पाटावर बाजूला बसले. बेसिन आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत पाना घातला आणि फिरवू लागले. हलेना. आणखी जोर लावला. पंधरा मिनिटं झाली. मी घामाघूम. एवढ्यात खालून आवाज आला, “आई, तू तर नट घट्ट करते आहेस!”

“काहीतरीच काय? मी सोडायच्या बाजूलाच फिरवतेय.”

“इथून बघ ना! घड्याळाच्या काट्यासारखा फिरतोय पाना.”

मी वाकून पाहिलं. पोरगं बरोबर होतं! पंधरा मिनिटं मी स्वतःच नट आवळत बसले होते.

असं कसं झालं? तुम्हीही करून पाहा. फिरकीचं झाकण असलेली बाटली टेबलावर सरळ उभी ठेवा आणि वरून बघत झाकण उघडा. हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. आता झाकण लावून बाटली उलटी धरा, तोंड जमिनीकडे. वरूनच बघत झाकण उघडा. आता हात घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसेल! आटे तेच, झाकण तेच, फक्त आपण बघायची बाजू बदलली. बेसिनचा नट म्हणजे उलट्या बाटलीचं झाकण. म्हणून नियम असा : नटाच्या समोर डोळे न्यावेत आणि मगच दिशा ठरवावी.

मला मनातून थोडी लाज वाटली. आजींच्या बाबतीतही मी वरून वरूनच बघितलं होतं.

अडलं की थांबायचं

दिशा सुधारली, तरी नट हटेना. आधीच घट्ट, त्यात मी आणखी आवळलेला! चिरंजीवांचे डोळे हातोडीकडे वळले. पण काकांचे शब्द आठवले. आम्ही थांबलो.

नटाभोवती पांढरा, दगडासारखा थर होता. हाच तो क्षार. त्यातला मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. खडूच्या डोंगरांत आणि शिंपल्यांत असतो तोच पदार्थ. त्याचा शत्रू म्हणजे आम्ल. आम्ही कापूस व्हिनेगरमध्ये बुडवून नटाभोवती गुंडाळला. लिंबाचा रसही चालतो. थोड्या वेळाने बारीक बुडबुडे दिसू लागले. ते कार्बन डायॉक्साइड वायूचे. तासाभराने थर मऊ पडला. जुन्या दातांच्या ब्रशने तो घासून काढला आणि ओल्या फडक्याने पुसलं. बाथरूम धुण्याचं कडक ॲसिड मात्र यासाठी वापरायचं नाही. त्याने हात आणि डोळे भाजतात आणि नळालाही इजा होते.

मग आट्यांवर शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. तेल पातळ असतं, ते आट्यांच्या फटींतून हळूहळू आत झिरपतं. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

त्या रात्री आजींनी विचारलं, “आटे आटे म्हणजे काय रे असतं?” चिरंजीवांनी कागदाचा काटकोन त्रिकोण कापला आणि पेन्सिलीला गुंडाळला. तिरपी कड पेन्सिलीभोवती वळसे घेत वर चढत गेली. “हे बघ आजी, आटे म्हणजे गुंडाळलेला चढ!” घाटातला रस्ता वळणं घेत डोंगर चढतो ना, तसं. चढ सौम्य असला की थोड्या जोरात मोठं काम होतं, पण फेरे जास्त घ्यावे लागतात. आपल्याकडच्या अर्ध्या इंची नळाच्या आट्यांचे एका इंचात १४ फेरे बसतात. म्हणजे नट एकदा पूर्ण फिरला की जेमतेम १.८ मिलिमीटर सरकतो. आजींनी तो त्रिकोण पुन्हा उलगडून, पुन्हा गुंडाळून पाहिला. बऱ्याच दिवसांनी त्या दोघांची अशी बैठक जमली होती.

लांब दांड्याची करामत

रविवारी सकाळी चिरंजीव सायकलवरून काकांकडे गेले आणि एक वेगळाच पाना मागून घेऊन आले. उभी लोखंडी दांडी, वरच्या टोकाला चिमट्यासारखा जबडा आणि खालच्या टोकाला आडवी मूठ. अरुंद जागेत जिथे साधा पाना फिरत नाही, तिथे हा खालूनच फिरवता येतो.

जबडा नटाला लावला. मी वरून नळ हातात धरून ठेवला, नाहीतर नटाबरोबर नळही गरगर फिरतो. चिरंजीवांनी खालची आडवी मूठ दोन्ही टोकांना धरली आणि फिरवली. ‘कर्रर्र’ असा आवाज झाला आणि नट हलला! जो नट काल माझ्या सगळ्या ताकदीला हलला नव्हता, तो आज सहावीतल्या मुलाच्या हातांनी हलला.

तेलाने आणि व्हिनेगरने मदत केली, हे खरंच. पण मोठी मदत केली ती दांड्याने. दाराजवळ जा आणि बिजागरीजवळ एका बोटाने दार ढकलून पाहा. जड जातं ना? आता तेच दार दुसऱ्या कडेला, कडीजवळ ढकला. लगेच सरकतं. फिरण्याच्या मध्यापासून आपला हात जितका लांब, तितका जोर कमी लागतो. अंतर दुप्पट केलं की निम्मा जोर पुरतो. ही तरफेची युक्ती. विहिरीवरचा रहाट, उसाच्या चरकाचा लांब दांडा, मोटारीचं चाक काढायचा पाना, सगळीकडे हीच युक्ती आहे.

चिरंजीव फेरे मोजत होते. “...बारा, तेरा, चौदा!” आणि नट त्यांच्या हातात आला. दांड्यावर बरोबर इंचभर आटे होते.

मी नळ वर उचलला. त्याच्या बैठकीखाली पंचवीस वर्षांचा चिकटा होता. काळा मळ, पांढरा क्षार आणि पितळेवर हिरवी पुटं. पितळेत तांबं आणि जस्त असतं. त्यातल्या तांब्याचा हा हिरवा रंग. बेसिनचं भोक आणि भोवतालची जागा आम्ही लाकडी पट्टीने खरवडून, धुऊन, कोरडी केली. धातूच्या पट्टीने खरवडलं तर चकाकी जाते.

दुकानात

नवा नळ आणायला जाताना जुना नळ आणि त्याचा नट पिशवीत घेतला. हे लक्षात ठेवा : दुकानात नुसतं ‘बेसिनचा नळ द्या’ म्हणण्यापेक्षा नमुना दाखवला की चूक होत नाही. दुकानदारांनी एक नवाकोरा नळ काढला आणि आमचा पंचवीस वर्षांचा नट त्याच्यावर फिरवला. काय आश्चर्य! नट सरसर बसला.

हे आपोआप घडत नाही, बरं का. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच असं नव्हतं. इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने १८४१ मध्ये सांगितलं की सगळ्यांनी आट्यांची मापं एकसारखी ठरवावीत, आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असावा. आपल्या नळांचे आटे आजही त्याच घराण्यातले आहेत. म्हणून तर कुठल्याही दुकानातला अर्ध्या इंची नळ आपल्या घरी बसतो.

मी एक छान चकचकीत, गोल मुठीचा नळ निवडला होता. चिरंजीवांनी तो हातात घेतला, फिरवला आणि परत ठेवला. म्हणाले, “आई, हा नको. आजीलाही दांडाच हवा.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. सकाळी नट सोडताना त्याने जे शिकलं होतं, ते त्याने आजीच्या हातांना लावून पाहिलं होतं. जुन्या नळाची मूठ मध्यापासून कडेपर्यंत अडीच सेंटिमीटर. समोर टांगलेल्या दुसऱ्या नळाला दहा सेंटिमीटरची लांब दांडी होती. अंतर चौपट, म्हणजे जोर पाव! शिवाय त्या नळात रबराचा वायसर नव्हता. त्यात भोकं असलेल्या दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू, बाजूला गेली की बंद. सगळं पाव फेऱ्यात. पिळायची गरजच नाही. आम्ही तोच घेतला.

बसवताना काढण्याचा क्रम उलटा. नळाच्या बैठकीखाली रबरी चकती, मग नळ भोकात, खालून मोठा नट. आधी हाताने घट्ट आणि मग पान्याने थोडासाच. जास्त आवळलं तर बेसिन तडकतं. मग पाण्याची नळी. तिच्या टोकाला वायसर असतो, म्हणून तिथे टेफ्लॉनची पट्टी लागत नाही. शेवटी गच्चीवरचा वॉल हळूहळू उघडला आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला.

“आजी, ये ना!” चिरंजीवांनी हाक मारली. आजी आल्या. सवयीने त्यांचा हात पदराकडे गेला. “पदर नको, नुसता हात लाव,” तो म्हणाला. त्यांनी मनगटानेच दांडी ढकलली. पाणी आलं. पुन्हा ढकलली. पाणी थांबलं. एक थेंबही नाही. त्यांनी चार वेळा नळ उघडला आणि बंद केला. एरवी चिरंजीव म्हणाले असते, “आजी, पाणी वाया जातंय!” त्या दिवशी म्हणाले नाहीत.

मग त्यांनी तक्ता भिंतीवरून काढला. मला वाटलं, फाडणार. पण त्यांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूला नवं शीर्षक लिहिलं : ‘घरात कोणाला काय जड जातं?’ खाली पहिली ओळ होती, ‘आजी – नळ.’ तिच्यापुढे बरोबरची खूण. दुसरी ओळ, ‘आजी – बरण्यांची झाकणं.’ तिच्यापुढे अजून खूण नाही. विचार चालू आहे.

आणि आजींना त्यांनी जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. “आजी, त्या अकरा रेघा चुकीच्या होत्या. सॉरी.” मलाही तेच सांगायचं होतं. मी संध्याकाळी सांगितलं.

जुना नळ आम्ही भंगारात दिला नाही. तो आता माझ्या वर्गाच्या कपाटात आहे. चौथीची मुलं तो खोलून आतली दांडी, आटे आणि झिजलेली कड पाहतात.

लक्षात ठेवा
१. आधी पाणी बंद, मग नळ उघडून नळी रिकामी.
२. बेसिनच्या भोकावर फडकं, डोळ्यांवर चष्मा.
३. नटाच्या समोर डोळे नेऊन दिशा ठरवा.
४. क्षाराला व्हिनेगर किंवा लिंबू, आट्यांना तेल आणि रात्रभर धीर.
५. हातोडा नाही. अडलं की थांबा आणि जाणकाराला विचारा.
६. नमुना घेऊन दुकानात जा.

आणि आता तुमचा गृहपाठ. पाना हातात घ्यायची गरज नाही. घरात एक फेरी मारा. नळ, कड्या, झाकणं, खिडक्यांचे खटके, सगळं आजी-आजोबांना वापरायला सांगा आणि तुम्ही नुसतं बघा. कोणती गोष्ट कोणाला जड जाते, ते वहीत लिहा. जमलं तर त्यावरचा उपायही. पालकहो, तुम्हीही या फेरीत सामील व्हा. मला तर शेजारीच राहून कळलं नव्हतं.

तुमच्या वह्यांची वाट पाहते. बरण्यांच्या झाकणांवर कुणाला काही युक्ती सुचली तर आधी कळवा. आमचे चिरंजीव अडून बसलेत!

तुमची,
बाई